आमाशय लहान झालेला रुग्ण आपल्या दारी

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्याने स्थौल्यावरील शस्त्रकर्मांचा अभ्यास कशाला करावा, असे काही वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर आम्हीही त्याला दुजोरा दिला असता. ही शस्त्रकर्मे मुंबई, पुणे, हैदराबाद येथे मोठ्या रुग्णालयांत होतात, त्यांचा खर्च लाखांत जातो आणि ती करणारे शल्यविशारद निराळे. आपला संबंध आलाच तर रुग्णाला शस्त्रकर्मापासून परावृत्त करण्यापुरता, अशी आमची समजूत होती. ती एका रुग्णेमुळे खोटी ठरली. त्या प्रसंगी आमच्याकडून जी चूक झाली ती व्यवसायबंधूंच्या हातून होऊ नये, या हेतूने हे लिहीत आहोत.

रुग्णा अडतीस वर्षांची, तालुक्यातल्याच एका गावची; घरचे किराणा दुकान. पंधरवड्यापासून उलट्या होत असल्याची तक्रार घेऊन ती पतीसह आली. खाल्लेले टिकत नाही, पाणीसुद्धा वर येते, अंगात त्राण नाही. शरीर अजूनही स्थूलच होते. उदरावर लहान लहान चार-पाच व्रणांच्या खुणा दिसल्या. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "गॅसचं ऑपरेशन झालंय, दीड-दोन महिने झाले." आम्ही ते दुर्बिणीतून केलेले पित्ताशयाचे शस्त्रकर्म असावे असे गृहीत धरले आणि पुढे विचारले नाही. निदान छर्दी. सूतशेखर, मयूरपिच्छामषी मधातून, आहारात लाजामंड. रुग्णा फारच क्षीण दिसली म्हणून दोन दिवस ग्लुकोजयुक्त सलाईनची एकेक बाटलीही लावली. आपल्या भागात अशक्त रुग्ण सलाईन मागूनच घेतो, हे वाचकांना सांगावयास नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी पती घाईघाईने आत आला. "डॉक्टरसाहेब, हिला धड उभंच ऱ्हाता येईना गेलंय. एकाचं दोन दिसालंय म्हणालीय."

पाहिले तर दृष्टी स्थिर होत नव्हती, चालताना तोल जात होता आणि बोलण्यात विस्कळीतपणा आला होता. पक्षाघाताची शंका येऊन आम्ही लातूरच्या एका परिचित फिजिशियनांना दूरध्वनी केला. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं आहे का, एवढंच विचारा." आम्ही विचारले. पतीने मान खाली घातली. गावात चर्चा नको म्हणून सासरच्या मंडळींनाही सांगितलेले नव्हते. शस्त्रकर्माच्या वेळी वजन ११८ किलो होते, आमच्याकडे आली तेव्हा ९७. सात आठवड्यांत एकवीस किलो.

हा वेर्निके एन्सेफॅलोपथी नावाचा विकार होता. कार्ल वेर्निके यांनी त्याचे वर्णन १८८१ साली केले. मद्यपींमध्ये तो प्रसिद्ध आहे. कारण एकच, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा अभाव. या जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांपलीकडे पुरत नाही. शस्त्रकर्मानंतर आहार आधीच नाममात्र, त्यात सतत उलट्या. साठा तळाशी गेलेला असताना शिरेतून ग्लुकोज दिले की त्याच्या पचनासाठी उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होते. आम्ही लावलेल्या दोन बाटल्यांनी ते काम पुरे केले. लातूरला तिला शिरेतून मोठ्या मात्रेत थायमिन मिळाले, दुर्बिणीतून तपासल्यावर आमाशयाच्या नळीत मध्यावर अरुंदपणा आढळला, फुग्याच्या साहाय्याने तो रुंद केल्यावर उलट्या थांबल्या. डोळे चार दिवसांत सुधारले. चाल सुधारण्यास काही महिने लागले.

व्यवहारातला नियम एवढाच की, वजन कमी करण्याचे शस्त्रकर्म झालेला रुग्ण वारंवार उलट्या घेऊन आला तर ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन, आणि लगोलग ज्या ठिकाणी शस्त्रकर्म झाले तेथे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात रवानगी. तोंडाने दिलेली बी-कॉम्प्लेक्सची गोळी त्या अवस्थेत उपयोगाची नाही, ती टिकतच नाही.

शस्त्रकर्मांची ओळख

पोटात नेमके काय केले आहे हे कळल्याशिवाय आपण औषधयोजना करू शकत नाही, म्हणून मुख्य प्रकारांची ओळख आवश्यक आहे. इतिहास १९५४ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी अमेरिकेत क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून देण्याचे शस्त्रकर्म प्रसिद्ध केले. वजन उतरले, पण पुढील काळात अतिसार, यकृताची हानी, मूतखडे असे उपद्रव इतके झाले की ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपासचा पाया घातला. १९९४ पासून तो दुर्बिणीतून होऊ लागला आणि मग या शास्त्राचा प्रसार झपाट्याने झाला.

सध्या आपल्याकडे सर्वाधिक होणारे शस्त्रकर्म म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात आमाशयाचा सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के भाग उभा कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. अन्नमार्ग बदलत नाही. आमाशयाच्या वरच्या फुगीर भागातून घ्रेलिन नावाचा क्षुधावर्धक स्राव निर्माण होतो. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये त्याचा शोध लावला. तो भागच निघून गेल्यामुळे भूक मंदावते. 'खाण्याची इच्छाच होत नाही' असे रुग्ण सांगतात ते यामुळे. आमची रुग्णा याच प्रकारातली.

रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपासमध्ये आमाशयाच्या वरच्या टोकाशी सुमारे तीस मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले आमाशय आणि ग्रहणीचा भाग पोटातच राहतो, पण अन्न त्यातून जात नाही. मिनी गॅस्ट्रिक बायपास हे त्याचे सोपे रूप. त्यात दोनऐवजी एकच जोड असतो आणि लांबट पिशवीला आतड्याचा सुमारे दीड-दोन मीटर भाग वगळून पुढचा भाग जोडतात. बायपासनंतर मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. अन्न लवकर पुढच्या आतड्यात पोहोचल्याने जीएलपी-१ सारखे स्राव वाढतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. आमाशयाभोवती पट्टा बसवण्याची पद्धत एके काळी लोकप्रिय होती. पट्टा सरकणे, रुतणे आणि वजन पुन्हा वाढणे यांमुळे ती आता मागे पडली आहे. पोटात फुगा ठेवणे हे शस्त्रकर्म नव्हे. तो साधारणपणे सहा महिन्यांनी काढून घ्यावा लागतो. आणि चरबी शोषून घेण्याची लायपोसक्शन क्रिया स्थौल्याची चिकित्साच नाही, ती शरीराच्या घडणीपुरती आहे. हा शेवटचा फरक औषधविक्रेत्यांनीही ध्यानात ठेवावा, कारण ग्राहक पहिला सल्ला दुकानातच विचारतो.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा घरोघरी पोहोचली ती दोन प्रसंगांनी. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत हे शस्त्रकर्म करून घेतले आणि पुढे त्याबद्दल मोकळेपणाने सांगितले. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधील एका महिलेला मालवाहू विमानातून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले. तिचे वजन पाचशे किलोच्या आसपास असल्याचे सांगण्यात येत होते. मार्चमध्ये स्लीव्ह शस्त्रकर्म झाले, मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचे तेथे निधन झाले. वृत्तपत्रांतून आज किती किलो उतरले याचे आकडे येत राहिले. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहाचे हृदय, मूत्रपिंडे यांचे काय झाले असेल, याकडे वाचकांचे लक्ष उशिराच गेले. त्या काळात आमच्याकडे येणारे रुग्णही किलोंचेच बोलत.

संहिता काय सांगतात

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुषांमध्ये अतिस्थूलाची गणना केली आहे आणि त्याचे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्याचा ऱ्हास हा त्यांतला पहिला. शेवटचे दोन आहेत अतिक्षुधा आणि अतितृषा. मेदाने स्रोतसे अडली की वायू कोष्ठात विशेषेकरून संचार करतो, अग्नीला प्रज्वलित करतो, घेतलेला आहार झपाट्याने पचतो आणि रुग्ण पुन्हा अन्न मागतो, अशी संप्राप्ती तेथे आहे. स्थूल मनुष्य खादाड असतो म्हणून स्थूल होतो, असे आचार्य म्हणत नाहीत. वाढलेला मेदच त्याची भूक वाढवतो असे म्हणतात. आमच्या मते ही दृष्टी महत्त्वाची आहे. शस्त्रकर्म करून आलेल्या रुग्णाला "तोंड आवरता आलं नाही का" असे सुनावणारे वैद्यही आम्ही पाहिले आहेत.

चिकित्सासूत्र सर्वांना पाठ आहे: स्थूलासाठी गुरू परंतु अपतर्पण करणारे, कृशासाठी लघू परंतु संतर्पण करणारे. यव, मधूदक, गुडूची, मुस्ता, त्रिफळा, तक्रारिष्ट, शिलाजतू ही योजना त्याच अध्यायात आहे. प्रारंभीच्या स्थौल्यात तिचा गुण आम्ही अनुभवतो. परंतु कृशतेपेक्षा स्थौल्याची चिकित्सा कठीण असल्याचेही त्याच अध्यायात सांगितले आहे, आणि ते आपण सोयीस्करपणे विसरतो. सव्वाशे किलोच्या, रात्री श्वास अडकून दचकून उठणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला महिनोन्महिने मेदोहर गुग्गुळावर ठेवणे हे चिकित्सेचे लक्षण नाही.

शस्त्रकर्माकडे रुग्ण सोपवणे आपल्या परंपरेला परके नाही. पक्व गुल्माच्या प्रसंगी चरकाचार्य तो अधिकार धान्वंतरीयांचा म्हणून सांगतात. सुश्रुताचार्यांनी बद्धगुदोदर व परिस्रावी उदरात नाभीखाली डाव्या बाजूस उदर उघडून, आंत्र बाहेर काढून, दोष दूर करून, छिद्राच्या ठिकाणी काळ्या मुंग्यांच्या दंशाने सांधा धरण्याचा विधी दिला आहे. आज सांधा धारदार यंत्रातील टायटॅनियमच्या टाचण्यांनी धरतात. २०२० साली शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तरांसाठी निघालेल्या अधिसूचनेतील ५८ शस्त्रकर्मांत स्थौल्यशस्त्रकर्म नाही, आणि ते मागण्याची घाई आपणही करू नये.

कोणाला पाठवावे

१९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेला निकष दीर्घकाळ चालला: देहभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर व जोडीला मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखे विकार. भारतीयांमध्ये कमी वजनालाही उदरावर मेद साचतो व मधुमेह जडतो, म्हणून २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या निवेदनात हे आकडे ३७.५ आणि ३२.५ असे खाली आणले गेले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनही शस्त्रकर्माचा विचार करता येईल असे म्हटले. पाच फूट एक इंच उंचीच्या स्त्रीच्या संदर्भात सांगायचे तर ३७.५ म्हणजे ९० किलो, ३२.५ म्हणजे ७८ आणि २७.५ म्हणजे ६६ किलो. सहासष्ट किलोच्या प्रत्येक गृहिणीला शस्त्रकर्म सुचवावे, असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. तेथे आहार, विहार आणि आपली चिकित्सा यांना पुरता वाव आहे. मात्र बीएमआय चाळिशीच्या पुढे असेल तर "आधी सहा महिने आमचे औषध घ्या" असे सांगण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे की आपण रुग्णाचे हित पाहतो आहोत की आपले.

शस्त्रकर्माने आयुष्य वाढते का, हा प्रश्न रास्त आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले; शस्त्रकर्म झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. स्लीव्हनंतर अतिरिक्त वजनाच्या साधारण निम्मे ते साठ टक्के, बायपासनंतर त्याहून काहीसे अधिक वजन उतरते. येथे 'अतिरिक्त' हा शब्द महत्त्वाचा. ११८ किलोच्या रुग्णेचे योग्य वजन ५५ धरले तर अतिरिक्त वजन ६३ किलो, आणि त्याचे साठ टक्के म्हणजे ३८ किलो. ती ८० किलोवर येईल, ५५ वर नव्हे. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण निराश होतो आणि मग तो आपल्या दुकानात मेदोहर चूर्ण मागावयास येतो.

खर्चाबाबत एक माहिती उपयोगी पडेल. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या प्रमाणित शब्दयोजनेनुसार वय १८ पूर्ण, वैद्यकीय सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा ३५ व गंभीर सहविकार अशा अटी पुऱ्या होत असल्यास स्थौल्यशस्त्रकर्म वगळणुकीत येत नाही. आपली विमापत्रिका रुग्णाने आधी वाचून घ्यावी. दुसरी बाब औषधविक्रेत्यांसाठी: १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्य आहे. 'हमखास वजन घटवा' हा फलक दुकानावर लावणे हा गुन्हा ठरू शकतो.

आपली औषधे आणि बदललेला कोष्ठ

आता मूळ मुद्दा. शस्त्रकर्म करून आलेला रुग्ण दिसावयास स्थूल असतो. आपला हात सवयीने लेखन द्रव्यांकडे, लंघनाकडे जातो. परंतु त्याच्यावर अपतर्पण आधीच झालेले आहे, आणि तेही असे की कोणत्याही वैद्याने कधी दिले नसते. देह स्थूलाचा, कोष्ठ कृशाचा. त्याला पहिली दोन वर्षे तरी कृशाचे सूत्र लावले पाहिजे: लघू आणि संतर्पण. थोडक्यात पुष्कळ पोषण. आमच्या रुग्णेच्या बाबतीत हे आम्हांला तेव्हा सुचले असते तर बरे झाले असते.

विमानस्थानात आचार्यांनी कुक्षीचे तीन भाग कल्पून घन आहार, द्रव आणि दोष यांना जागा वाटून दिली आहे. या रुग्णांत कुक्षीच शंभर-दीडशे मिलिलिटरची उरते. तेथे घन व द्रव एकत्र मावत नाहीत. जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर पाणी वर्ज्य, हा शल्यविशारदांचा नियम त्यासाठीच आहे. मग 'कोमट पाण्याबरोबर एक चमचा चूर्ण जेवणानंतर' ही आपली नेहमीची चिठ्ठी या रुग्णाला कशी चालावी? पहिल्या काही महिन्यांत चूर्णे टाळावीत, मोठ्या वट्या कुटून द्याव्यात, काढ्याची मात्रा दोन-तीन वेळांत विभागावी. इसबगोल विशेष जपून द्यावे. ते फुगते, आणि त्याच्यासोबत लागणारे पाणी रुग्ण पिऊ शकत नाही.

वमन तर कायमचे वर्ज्य समजावे. आकंठपान ही कल्पनाच टाचण्यांनी सांधलेल्या आमाशयाला सोसणारी नाही. विरेचन व स्नेहपानही पहिल्या वर्षात नको. मोठ्या आतड्याला धक्का लागलेला नसल्याने बस्तीचा मार्ग मोकळा राहतो. वातविकारांत आम्ही मात्राबस्तीचा उपयोग करतो, लेखनबस्तीचा मात्र नाही.

आसवारिष्टांविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल. त्यांत स्वयंजनित मद्यांश सर्वसाधारणपणे पाच ते दहा टक्के असतो. बायपास झालेल्या रुग्णात आमाशयात थांबा नसल्याने मद्य फार जलद रक्तात शिरते. द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट यांची नेहमीची मात्रा घेऊन एक शिक्षक दुचाकीवरून शाळेत जाताना डुलले, असे उदाहरण आमच्या माहितीत आहे. लोकांनी त्यांच्याविषयी भलतेच बोलण्यास आरंभ केला होता. तसेच अवलेह: च्यवनप्राशाचा मोठा चमचा, बायपासवाल्या रुग्णाला, थेट आतड्यात साखर ओततो. अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर, अतिसार. याला डंपिंग म्हणतात. रुग्ण ते हृदयरोग समजून घाबरतो.

कॅल्शियमच्या बाबतीत आपली गल्लत हमखास होते. शंख, कपर्दिक, प्रवाळ यांची भस्मे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपाची असतात आणि त्यांच्या शोषणास आमाशयातील अम्ल लागते. तेच अम्ल येथे कमी झालेले असते, म्हणून शल्यविशारद कॅल्शियम सायट्रेट देतात. "गोळ्या बंद करून आमचे प्रवाळ घ्या" असे कृपया कोणी सांगू नये. लोहाचेही तसेच. लोहाचे शोषण मुख्यतः ग्रहणीत होते, आणि बायपासमध्ये अन्न ग्रहणीतून जातच नाही. नवायस किंवा मंडूर देऊन रक्त वाढत नसेल तर मात्रा वाढवण्यापेक्षा शिरेतून लोह देण्याचा सल्ला द्यावा. बी-१२ साठी आयुष्यभर इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी लागते; शुद्ध शाकाहारी रुग्णात तर अभाव ठरलेलाच.

औषधी दुकानदार बंधूंना आग्रहाची विनंती अशी की, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा रुग्णाला सुट्या देऊ नयेत. बायपासच्या जोडावर व्रण पडून तो फुटल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. मधुमेहाच्या जुन्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड देतानाही विचारावे. शस्त्रकर्मानंतर मात्रा निम्म्याहून कमी झालेली असू शकते.

केस गळणे ही तक्रार घेऊन मात्र हे रुग्ण खास आपल्याकडेच येतात, बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. भृंगराज तेलाने ते थांबत नाही. कारण प्रथिनांची तूट. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने हवीत आणि एका वेळी चार घास जातात, असा हा पेच आहे. आपल्या भागात सोयाबीन घरात पडून असते, पण खाण्यात नसते. भाजलेल्या सोयाबीनचे पीठ ताकात, मऊ शिजवलेली तुरीची डाळ, पनीर, चालत असल्यास अंडे, असे आम्ही सुचवतो. भाकरीचा घास नळीत अडकतो अशी तक्रार सुरुवातीला असते. ती दुधात कुस्करून द्यावी. निलंगा राईसची प्लेट मात्र वर्षभर विसरावी, असे सांगताना आम्हांलाच वाईट वाटते.

येथे लातूर जिल्ह्यापुरता एक विशेष प्रश्न आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, दिवसातून दोनच वेळा आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी नेली. २०१८ मध्ये राज्य शासनाने त्यांना स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूतही नेमले. द्विभोजनाचा हा विचार आपल्या शास्त्राला जवळचा आहे आणि अनेक स्थूल रुग्णांना त्याने लाभ झाल्याचे आम्ही पाहिले आहे. परंतु स्लीव्ह झालेल्या रुग्णाने शेजाऱ्यांचे ऐकून दोनच वेळा जेवावयाचे ठरवले तर त्याला साठ ग्रॅम प्रथिने कधीच मिळणार नाहीत. त्याला दिवसात पाच-सहा लहान वेळा लागतात. पथ्य चांगले असले तरी कोष्ठ पाहून द्यावे लागते.

आणखी काही लक्षणे अशी आहेत की जी पाहून आपण औषधाची पेटी उघडूच नये. शस्त्रकर्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत नाडी १२० च्या आसपास, ताप, डाव्या खांद्यात वेदना: सांध्यातून गळती. बायपासनंतर कितीही वर्षांनी थांबून थांबून येणारा तीव्र उदरशूल: आतडे आत अडकलेले असू शकते, आणि शंखवटी देऊन वाट पाहिल्यास ते सडते. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, हेही स्मरणात असावे. स्त्रीरुग्णांना एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळण्यास सांगावे. वजन उतरल्यावर रजःप्रवृत्ती सुधारते आणि दिवस राहतात, याची त्यांना कल्पना नसते.

२०२५ मध्ये मार्च महिन्यात टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात विक्रीस आले. आठवड्यातून एकदा त्वचेखाली घ्यावयाची ही इंजेक्शने भूक मंदावतात. बायपासनंतर जो स्राव आपोआप वाढतो त्याचीच नक्कल ती करतात. बंद केली की वजन बहुतांशी परत येते. यांच्या उलट्यांतही थायमिनचा विचार मनात असू द्यावा. चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत, हे वेगळे सांगावयास नको.

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या रुग्णपत्रिकेवर दोन ओळी छापून घेतल्या. पहिली: 'पोटाचे कोणते शस्त्रकर्म झाले? डिस्चार्ज कार्ड पाहिले काय?' दुसरी: 'वजन कमी करण्यासाठी इंजेक्शन, फुगा, शस्त्रकर्म?' हा प्रश्न आम्ही नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारतो. गेल्या काळात या दुसऱ्या ओळीवर 'होय' असे उत्तर देणारे सात जण निघाले. त्यांतल्या चौघांच्या घरी ठाऊक नव्हते.

ती रुग्णा अजूनही येते. वजन ७९ वर स्थिरावले आहे, रात्रीचा श्वास सुधारला, इन्सुलिन सुटले. दुकानात ती पुन्हा उभी राहते. उजव्या पावलाची बोटे मात्र अद्याप बधिर आहेत. त्यासाठी बला तेलाचा अभ्यंग आणि मात्राबस्ती चालू आहे. बी-१२ च्या इंजेक्शनची तारीख तिच्या आधी आम्हीच लक्षात ठेवतो.